बाळपेटी

आमच्या पतसंस्थेत एखादीला हिरवी साडी आली, की तिच्या काउंटरवर लवकरच दुसरी पोरगी बसते. बाहेर कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, म्हणून नीट पहिल्यापासून सांगते.

संस्था महिलांची आहे. अध्यक्षा बाई, संचालक मंडळावर सगळ्या बायका, आणि दारावरच्या पाटीवर 'महिलांनी महिलांसाठी' हे शब्द संस्थेच्या नावापेक्षा मोठे. मुख्य शाखा सांगलीत, बाकीच्या आसपासच्या तालुक्यांत, एक पार साताऱ्याकडे कोरेगावला. काउंटरवरच्या मुलींना अकरा महिन्यांची ऑर्डर मिळते. ती संपली की थोडे दिवस घरी बसवायचं आणि मग नवी द्यायची, असं वर्षानुवर्षं चालतं. यात एखादीला दिवस गेले, की सातव्या महिन्यात संस्थेतर्फे तिची ओटी भरतात. संचालिका गाडीतून येतात. पाच सवाष्णी कुंकू लावून तिच्या पदरात हिरवी साडी, खण, नारळ, तांदूळ, हळकुंड घालतात. पेढे वाटले जातात. मग मॅनेजर जिनपाल तिला म्हणतो, आता निवांत माहेरी जा, बाळाला जप. ती जाते. ऑर्डर ती माहेरी असतानाच संपते आणि नवी काही निघत नाही.

कुणी तिला काढलेलं नसतं. तिनं राजीनामा दिलेला नसतो. कुणाच्या तोंडून वावगा शब्द गेलेला नसतो. उलट तिची ओटी भरलेली असते, आणि ज्यांनी ओटी भरली त्यांच्या दारात जाऊन भांडायचं आपल्याकडच्या बाईला जमत नाही. हे ज्यानं कुणी शोधून काढलं त्याच्या डोक्याला मानलं पाहिजे. आम्हा कर्मचाऱ्यांत आता तसं बोलायची पद्धतच पडली आहे. अमकी दिसत नाही हल्ली? अगं, तिला हिरवी साडी आली.

मी ब्राह्मी. मुख्य शाखेत वरिष्ठ लिपिक. मी लग्न केलं नाही, त्यामुळे ओटी भरण्याचा मान मला नाही, पण ओटीचं ताट धरून उभं राहायचं काम मात्र माझ्याकडे. संस्थेत सगळ्यात जास्त टिकलेली बाई मीच, आणि त्याचं कारण माझी हुशारी नव्हे. मला कधी हिरवी साडी आली नाही, एवढंच.

ती साडीही कसली? दुकानदाराकडून गठ्ठ्यानं आणलेली, नायलॉनसारखी सुळसुळीत. फिरदोस आमच्या बचत काउंटरला होती. तिला कुंकू लावलं नाही, पण साडी-नारळ दिलाच. घरी बसवताना जातधर्म पाहायचा नाही, हे आमच्या संस्थेचं मोठेपण. पुढे बाळाला घेऊन ती मला बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "आवं ताई, त्या साडीचं दुपटंबी हुईना. पानीच धरत न्हाई."

तर गेल्या वर्षी आमच्या अध्यक्षा चंदनबालाताई सहकारी संस्थांच्या अभ्यासदौऱ्यावर युरोपला जाऊन आल्या. जाताना ठेपल्यांचे डबे आणि येताना चॉकलेट, असे दौरे मी पुष्कळ पाहिले आहेत. पण ताई खरंच भारावून आल्या होत्या. स्वीडनमध्ये बाप रजा घेऊन बाबागाडी ढकलत फिरतात. जर्मनीत बाळाची आई पुढची तीन वर्षं घरी राहिली तरी नोकरी तिच्या नावावर राहते. हॉलंडमध्ये बाळंतिणीच्या घरी नर्स येते, बाळाला आंघोळ घालते, आईला खायला करून घालते. आणि फिनलंडमध्ये सरकार प्रत्येक होणाऱ्या आईला एक पेटी देतं. पुठ्ठ्याची पेटी, आत कपडे, पांघरूण, छोटी गादी, आणि सगळं काढून घेतलं की बाळाला त्याच पेटीत निजवायचं. श्रीमंताच्या घरी तीच पेटी, गरिबाच्या घरीही तीच. हे सांगताना ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला बोलू, ते पाणी खरं होतं. मला चीड आली ती त्याचीच. दुसऱ्या देशातल्या बाईच्या पेटीवर डोळे भरून येतात, आणि आपल्या केबिनच्या काचेतून समोरच्या बचत काउंटरवर बदललेली पोरगी मात्र दिसत नाही.

ताईंनी ठरवलं, आपणही पेटी द्यायची. नाव ठेवलं 'बाळपेटी'. पहिली पेटी वर्धापनदिनाला द्यायची आणि फोटो फिनलंडच्या यजमान संस्थेला पाठवायचा, कारण त्यांच्या अंकात आपल्याबद्दल छापून येणार होतं.

संचालकांच्या बैठकीत पेटीत काय घालायचं यावर चर्चा झाली. एक संचालिका म्हणाल्या, बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही आणत नाहीत आपल्यात, अपशकुन होतो. सगळ्यांना पटलं. म्हणून कपडे रद्द झाले. गादी रद्द झाली. पांघरूणही रद्द झालं. रजेचा विषय कुणी काढलाच नाही, त्यामुळे तो रद्द करावा लागला नाही. उरला पुठ्ठा. आत ओटीचं सामान ठेवायचं ठरलं, म्हणजे तीच साडी आणि तोच नारळ. पेटीची ऑर्डर बेदाण्याचे बॉक्स करणाऱ्या माणसाला दिली. त्यानं बाहेरून गुलाबी कागद लावला, पण आतून बघायला गेलं तर झाकणावर छापलेलं होतं, 'बेदाणा १५ किलो'. जिनपाल म्हणाला, आत कोण बघतंय.

पहिल्या पेटीची मानकरी ठरली माया, ठेव काउंटरवरची. माहेर कोरेगावचं, दिलेली सांगलीत. आधी कोरेगावच्या शाखेत होती, लग्नानंतर तिची इकडे बदली झाली. नवरा जयराज लोणंदच्या एका कारखान्यात कंत्राटावर, आठवड्याला घरी येतो. त्याचं कंत्राट आज आहे, उद्या नाही. मायाला मात्र या वर्षी कायम करायचं ठरलेलं होतं. मंडळात तसं बोलणं होऊन गेलं होतं. कायम झाली की जयराजनं लोणंद सोडून इकडेच काही बघायचं, आणि दोघांनी एका घरात राहायचं, इतका साधा बेत होता त्यांचा. आणि नेमके त्याच वेळी तिला दिवस गेले.

मायाला हिरव्या साडीची गोष्ट माहीत होती, म्हणून ती पाचव्या महिन्यातच ताईंच्या केबिनमध्ये गेली. सोबत मला घेऊन गेली. कायद्यानं मिळणारी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा तिनं सरळ शब्दांत मागितली. जिनपाल तिथंच होता. तो म्हणाला, पहिलं बाळंतपण, तू माहेरी जाणारच. आणि माहेर म्हणजे हक्काची जागा, तिथं जायला रजा कशाला लागते? मला वाटलं ताई त्याला गप्प करतील. ताई उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि मायाच्या पाठीवरून हात फिरवला.

"रजाबिजा काय मागतेस गं? तू लेक आहेस आमची. लेकीला कुणी रजा देतं का?"

माया वळली आणि केबिनबाहेर पडली. बाहेर आल्यावर माठातलं पाणी प्यायली आणि मला म्हणाली, "ताई, लेक म्हनलं की पगार द्याया लागत न्हाई, व्हय?" मी तिला म्हटलं, मागणी लिहून दे आणि पोच घे. तिनं दिली. पोच काही मिळाली नाही.

वर्धापनदिनाची तयारी सुरू झाली तेव्हा ताईंच्या डोक्यात आणखी एक कल्पना आली. फिनलंडच्या लोकांना कळू दे, आम्ही हे आजच सुरू केलेलं नाही, आयांना आधार देण्याची आमची जुनी परंपरा आहे. मग आजवर ज्यांच्या ज्यांच्या ओट्या भरल्या त्या सगळ्यांना बोलवा, हिरव्या साडीत, मुलांना घेऊन, म्हणजे फोटो भरगच्च येईल. त्यांना फोन करायचं काम माझ्याकडे आलं. मी ताईंच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर कसलीही लबाडी नव्हती. त्यांना खरंच वाटत होतं की त्या बायकांवर आपण उपकार केलेत, आणि बायका ते आठवून नटूनथटून येतील.

मी फोन केले. पहिल्यांदा कुणी विश्वासच ठेवला नाही. जतच्या शाखेतली सुंदरी म्हणाली, "परत कामावर घेत्यात काय?" मी म्हटलं, नाही, फोटो काढतायत. मग तिनं विचारलं, ती लेखी रजा मागणारी माया पण असणार का? मी हो म्हटलं. ती म्हणाली, मग येते.

नऊ जणी आल्या.

सभागृह सांगलीचंच, पण माणसं सगळ्या शाखांमधून आली होती. पुढच्या रांगेत मोठे ठेवीदार, मागे सभासद, हळद बाजारातले हमाल, भाजीवाल्या, शिक्षक. ताईंनी पडद्यावर चित्रं दाखवली. बाबागाडी ढकलणारा बाप आला तेव्हा पुरुष हसले. जर्मनीत तीन वर्षं नोकरी राखून ठेवतात म्हटल्यावर बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी बाजूला ताट घेऊन उभी होते. ताईंच्या मागं त्याच व्यासपीठावर ओळीनं नऊ बायका उभ्या होत्या, अंगावर एकच हिरवा रंग, कडेवर किंवा बोटाला पोर. संस्थेनं जिला जिला घरी बसवलं त्यांतल्या नऊ जणींना संस्थेनंच आपल्या हातानं गोळा करून, एका रांगेत उभं करून, वर दिव्याच्या झोतात ठेवलं होतं. आणि मुख्य म्हणजे सभागृहात कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

मग मायाला खुर्चीवर बसवलं. समोर स्टुलावर गुलाबी पेटी. पाच सवाष्णी पुढे आल्या. मी ताट धरलं. ताईंनी साडी उचलली आणि माइकमधून प्रेमानं म्हणाल्या, पदर पसर बाळा.

मायानं पदर कमरेला खोचलेला होता. तो तिनं सोडला नाही.

ताईंना वाटलं लाजतेय. पुन्हा म्हणाल्या. सवाष्णींपैकी एक वाकून मायाचा पदर स्वतःच ओढू लागली, तर मायानं तिचा हात धरला आणि हळूच बाजूला केला. मग ताईंच्या हातातला माइक मागितला. ताईंनी दिला, आभार मानायचे असतील असं समजून.

"माजी ओटी घरी भरली," माया म्हणाली. काउंटरवर ती आमच्यासारखं छापील बोलते, पण तेव्हा तिच्या तोंडी कोरेगाव आलं होतं. "आईनं भरली, सासूबाईंनी भरली. ही कशाची हाय, ते आदी सांगा ताई."

ताई हसल्या. म्हणाल्या, संस्थेच्या मायेची.

माया खुर्चीतल्या खुर्चीत वळली आणि माइक मागच्या रांगेकडे धरला. फिरदोस, तू कुठल्या काउंटरला हुतीस, असं विचारलं. फिरदोस म्हणाली, बचत. मग परत का आली नाहीस? फिरदोसनं कडेवरच्या पोराला सावरलं. "कुनी बोलावलंच न्हाई. हिरवी साडी नेसवून धाडलं, त्ये धाडलंच."

माइक पुढं सरकला. सुंदरी, जत शाखा, कर्ज विभाग. पुढची कोरेगाव शाखा, रोखपाल. तिच्या पुढची मुख्य शाखा, म्हणजे माझ्या शेजारचं टेबल. प्रत्येक बाई नाव सांगायची, काउंटर सांगायची आणि माइक पुढं द्यायची. कुणी रडलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. जिनपालनं माइकवाल्याला खूण केली, पण माइकवाला त्याच्याकडे बघत नव्हता.

मागून कोंडीबा उठला. हळद बाजारातला जुना हमाल, रोज संध्याकाळी संस्थेत पैसे भरायला येतो, काउंटरवरच्या सगळ्या पोरींना नावानं ओळखतो. तो म्हणाला, "आवं, ह्यी सुंदरी न्हवं? आमाला तर सांगितलं, पोरगीनं आपनहून सोडलं. मी ह्या समद्यांचं असंच ऐकलं हुतं." त्याच्या आजूबाजूच्या बायका एकमेकींशी बोलू लागल्या. ठेवीदारांच्या रांगेत एक-दोघांनी मान वळवून मागं पाहिलं.

माया ताईंकडे वळली. "त्या पडद्यावरच्या बायांनाबी पेटी दिल्यावर घरीच बसवत्यात काय, ताई?"

ताई म्हणाल्या, तिकडची गोष्ट वेगळी, तिकडे सगळं सरकार देतं.

"हितंबी सरकारनं कायदा केलाय. मी तुमच्या केबिनमदी येऊन सांगितला हुता. तवा तुमी मला लेक म्हनला."

ताईंनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. तिथं ज्यांच्या ठेवी जास्त ते बसले होते आणि ते ताईंकडे बघत होते. ताई हुशार बाई आहेत, उगाच अध्यक्षा झालेल्या नाहीत. त्यांनी दुसरा माइक मागवला आणि शांतपणे जाहीर केलं, की मायाची पगारी रजा मंजूर आहे, तिची जागा राखून ठेवली आहे, कायम करण्याचं पत्रही मिळेल, आणि याबाबत काही गैरसमज झाला असेल तर तो कार्यालयीन पातळीवरचा आहे. टाळ्या पडल्या. जिनपालनंही वाजवल्या.

माया उठली नाही. टाळ्या थांबेपर्यंत थांबली आणि मग हातानं मागची रांग दाखवली. "आनी ह्यांचं?"

ताई म्हणाल्या, त्याचा मंडळ विचार करेल, आणि लगेच फोटोग्राफरला हाक मारली. फोटोग्राफर पुढे आला, सगळ्यांना जवळ सरकायला सांगू लागला. तेव्हा फिरदोस शांतपणे म्हणाली, "आमी फोटूला थांबत न्हाई." तिनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि व्यासपीठाच्या पायऱ्या उतरली. तिच्यामागे सुंदरी. मग बाकीच्या, एकामागून एक, मुलांचे हात धरून. पाच सवाष्णी इकडेतिकडे बघत बाजूला झाल्या. माया खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठू लागली, पोट मोठं होतं, तिला उठता येईना. माझ्या हातात ताट. मी पेटीचं झाकण उघडून ते ताट आत ठेवून दिलं आणि तिला हात दिला. दोघी पायऱ्या उतरलो. मागं फ्लॅश चमकला. फोटोग्राफरला फोटो काढायला सांगितलं होतं, त्यानं काढला.

फोटो मी दुसऱ्या दिवशी पाहिला. व्यासपीठावर एकट्या चंदनबालाताई, हातात हिरवी साडी. शेजारी गुलाबी पेटी, झाकण उघडं, आणि झाकणावर वाचता येईल इतकं स्पष्ट, 'बेदाणा १५ किलो'.

मायाची रजेची आणि कायम केल्याची ऑर्डर निघाली. ती कोरेगावला गेली, मुलगी झाली, दोघी खुशाल आहेत. नऊ जणींचा विचार मंडळ अजून करतंय. तेवढ्यात ताईंना साताऱ्याहून भाषणाचं बोलावणं आलं, विषय 'युरोपातील कुटुंबधोरण आणि आपली पतसंस्था', आणि त्यात त्यांनी मायाच्या रजेचं उदाहरण दिलं म्हणे, आम्ही हे करून दाखवलं म्हणून. मला हे कळलं तेव्हा मी जेवत होते. ताट तसंच झाकून ठेवलं.

फिनलंडला पाठवायचं पत्र इंग्रजीत लिहायचं असतं, म्हणून ते नेहमी माझ्याकडे येतं. ताई म्हणाल्या, वर्धापनदिनाचा फोटो नको, फिरदोसच्या ओटीचा जुना पाठव, छान आलाय, खाली लाभार्थी असं लिही. मी वर्धापनदिनाचाच पाठवला. खाली लिहिलं, या फोटोत पुढील नऊ जणी नाहीत, आणि प्रत्येकीचं नाव, शाखा, काउंटर लिहून त्या आता कुठं आहेत तेही लिहिलं. पत्राची प्रत सगळ्या संचालिकांना जाते. ती तशी जाऊ दिली.

माया परत येईपर्यंत तिच्या काउंटरवर मी बसते. मागूनच घेतलं ते काम. तिथं नवी पोरगी बसली तर ती उठणार नाही, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं आहे. परवा संध्याकाळी गर्दीच्या वेळेला जिनपाल हातात ताट घेऊन आला. ताटात हिरवी साडी आणि नारळ. माझ्याकडे न बघता म्हणाला, ताईंनी पाठवलंय, इतकी वर्षं सेवा केली, आता निवांत घरी राहा म्हणाल्या.

काउंटरपलीकडे कोंडीबा उभा होता. त्यानं साडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पदर कमरेला खोचला, ताट उचलून फाइलींच्या कपाटावर ठेवलं आणि कोंडीबाकडे पासबुक मागितलं.